दिवसाला ९०० अलर्ट, आणि मुका चॅनेल कुणालाच कळला नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्याकडे ४० चॅनेल आहेत. एन्कोडरमधून (चित्र-आवाज आकुंचित करणारं यंत्र) ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे छोट्या पॅकेटांत बांधलेली चित्र-आवाजाची धारा, मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेकांना पोचणारं नेटवर्क-प्रसारण) येते, तिथून तिचे तुकडे पाडणारा पॅकेजर, पुढे ते तुकडे इंटरनेटवर दाखवायची एचएलएस पद्धत आणि ते प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवरून वाटणारा सीडीएन. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा त्यातले थ्रेशोल्ड (ज्या आकड्यापलीकडे अलर्ट जातो त्या मर्यादा) जसे आले तसेच राहिले. आता दिवसाला ९००च्या आसपास अलर्ट येतात, शिफ्टवरच्या मंडळींनी तो मेलबॉक्स उघडणंच सोडून दिलंय, आणि गेल्या आठवड्यात एक चॅनेल ३५ मिनिटं बिनआवाजाचा चालला ते प्रेक्षकाच्या फोनवरून कळलं. तुम्हाला हवं आहे प्रत्येक पॅरामीटरपुढे 'योग्य' आकडा लिहिलेलं कोष्टक.

आकडे देते, पण कोष्टक देत नाही. कोष्टकात आकडा दिसतो, पण तो किती वेळ टिकला तर ओरडायचं, कुठे मोजलेला आहे आणि ओरडल्यावर कुणी काय करायचं हे दिसत नाही. तुमचे ९०० अलर्ट बहुतेक आकडे चुकल्यामुळे येत नसावेत. ते वेळ चुकल्यामुळे येताहेत. आणि मुका चॅनेल सुटला तो ९००च्या ढिगात हरवला म्हणून, किंवा त्याच्यासाठी नियमच नव्हता म्हणून. यातलं नेमकं काय झालं ते आधी लॉगमध्ये शोधा, कारण दोन्हींवरचे उपाय उलट्या दिशेचे आहेत.

९०० म्हणजे दर ९६ सेकंदांना एक. कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांसाठी ईईएमयूए १९१ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात एका माणसाला सरासरी १० मिनिटांना एक अलार्म इथपर्यंत ठीक मानलंय, म्हणजे दिवसाला १४४. व्हिडिओसाठी मला तेही फार वाटतात, पण तुलना करायला बरं. रोज मरे त्याला कोण रडे, हे तुमच्या शिफ्टवाल्यांना ठाऊक आहे. त्यांना दोष देऊ नका.

पहिलं काम: मागच्या ७ दिवसांचे अलर्ट स्प्रेडशीटमध्ये उतरवा आणि नियमानुसार मोजा, मग चॅनेलनुसार मोजा. माझ्या अनुभवात चार-पाच नियम आणि दोन-तीन चॅनेल मिळून निम्म्याहून जास्त आवाज करतात. मग प्रत्येक नियमासमोर एकच गोष्ट लिहा: हा आला तेव्हा कुणी उठून काय केलं? रकाना रिकामा राहिला तर तो अलर्ट नाही, नोंद आहे. तो आलेखात जाऊ दे, मेलमध्ये नको. मोजणं बंद करू नका, फक्त ओरडणं बंद करा. मी तीनच पातळ्या ठेवते. एक, फोन वाजतो. दोन, तिकीट होतं आणि कामाच्या वेळेत कुणीतरी बघतं. तीन, नुसतं साठवलं जातं. सॉफ्टवेअरमधल्या पाच-सहा रंगांच्या गंभीरतेचा मला आजवर उपयोग झालेला नाही. पिवळा आणि नारिंगी यांत काय फरक करायचा हे रात्री ३ वाजता कुणालाही सांगता येत नाही.

आता ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. तुमच्या सॉफ्टवेअरमधले मूळ थ्रेशोल्ड जवळजवळ नक्की एत्सी या युरोपीय मानकसंस्थेच्या टीआर १०१ २९० या दस्तऐवजातून आलेत. तो उत्तम आहे, पण त्याचा हेतू समजून घ्या. स्ट्रीम नियमाला धरून आहे की नाही हे तो सांगतो. माणसाला झोपेतून उठवावं का, हे तो सांगत नाही. पीएटी आणि पीएमटी, म्हणजे स्ट्रीममध्ये कोणते कार्यक्रम आहेत आणि त्यांचे भाग कुठे आहेत हे सांगणाऱ्या याद्या, ०.५ सेकंदात एकदा तरी यायला हव्यात, ही अनुरूपतेची मर्यादा झाली. एखाद वेळी पीएटी ०.५२ सेकंदांनी आली म्हणून कुठल्याही टीव्हीवर काही बिघडत नाही. मोजणी ०.५ वरच ठेवा, अलर्ट मात्र सलग ३ सेकंद पीएटी न दिसल्यावर. तेव्हा खरंच काहीतरी मेलेलं असतं.

सगळ्यात जास्त मेल कंटिन्युइटी काउंटरचे, म्हणजे पॅकेट हरवलं का ते कळावं म्हणून त्यात घातलेल्या क्रमांकाचे, असतील, पैज लावते. तो थोडा सविस्तर घेऊ. प्रत्येक पॅकेट १८८ बाइटचं, आणि त्यात ४ बिटांचा काउंटर, ० ते १५ पर्यंत जाऊन परत ०. आयपीवर पाठवताना साधारणपणे ७ पॅकेट एकत्र बांधतात, ७ गुणिले १८८ म्हणजे १३१६ बाइट. नेटवर्कवर असा एक गठ्ठा (डेटाग्राम) हरवला की ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची ७ पॅकेट एकदम जातात. ती सातही व्हिडिओच्या पीआयडीची (पॅकेट कुठल्या धारेचं ते सांगणारा क्रमांक) असतील तर मॉनिटर एक त्रुटी मोजतो, तीन वेगवेगळ्या पीआयडींची असतील तर तीन. नुकसान तेच, आकडा तिप्पट. एका पीआयडीची बरोबर १६ पॅकेट सलग गेली तर काउंटर फिरून जागेवर येतो आणि त्रुटी दिसतच नाही. म्हणून 'मिनिटाला अमुक त्रुटी' असा थ्रेशोल्ड मी कधीच लावत नाही. त्रुटीयुक्त सेकंद मोजा: या सेकंदात एक तरी त्रुटी होती का, हो किंवा नाही. एका सेकंदात ५०० त्रुटी आल्या तर प्रेक्षकाला एकदा चित्र फाटलेलं दिसतं. ६० सेकंदांत पसरून ६० आल्या तर तो चॅनेल बदलतो. 'मिनिटाला अमुक' या नियमात ५०० हा आकडा ६० पेक्षा भयंकर ठरतो, आणि नेमकं तेच चुकीचं आहे.

मी सुरुवात इथून करते: ६० सेकंदांत ३ त्रुटीयुक्त सेकंद झाले तर तिकीट, १० झाले तर फोन. आठवडाभर बघून हलवा. स्ट्रीम आरटीपीमध्ये (क्रमांक घालून नेटवर्कवर पाठवायची पद्धत) गुंडाळलेली असेल तर आरटीपीचा १६ बिटांचा क्रमांक वापरा, तो हरवलेली पॅकेट नीट मोजतो. आणि नल पॅकेटचा (नुसती जागा भरणारी रिकामी पॅकेट) पीआयडी, ८१९१, या मोजणीतून वगळलेला आहे ना ते पाहा. त्यातल्या काउंटरला काही अर्थ नसतो, तरी काही सॉफ्टवेअर तो मोजतात.

पीसीआरच्या, म्हणजे स्ट्रीममधल्या घड्याळाच्या खुणेच्या, अचूकतेचा अलर्ट सरळ तिसऱ्या पातळीवर टाका. मर्यादा आहे अधिक-उणे ५०० नॅनोसेकंद. साध्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर पॅकेट उचलून वेळ मारणारं सॉफ्टवेअर त्या पातळीवर पीसीआर मोजत नाही, ते स्वतःच्याच ऑपरेटिंग सिस्टिमची धावपळ मोजतं. तो अलर्ट खरा हवा असेल तर हार्डवेअरवर वेळ नोंदवणारं विश्लेषक यंत्र लागतं. पीसीआर किती वेळाने येतो, म्हणजे १०० मिलिसेकंदांची मर्यादा, ती मात्र सॉफ्टवेअर नीट पाहू शकतं. तुमच्याकडे तिथे ४० लिहिलेलं असेल तर जुना, कडक आकडा आहे, आणि त्यातूनही दिवसाला शंभरेक मेल येत असतील. टीआर १०१ २९० मधल्या तिसऱ्या प्राधान्याचे, एनआयटी-एसडीटी-ईआयटीवाले (नेटवर्क, चॅनेल आणि कार्यक्रमांची माहिती देणाऱ्या याद्यांचे) अलर्ट रात्री कुणालाही पाठवू नका. ज्याच्याकडे कार्यक्रमांची माहिती भरायचं काम आहे त्याला दिवसा तिकीट जाऊ दे.

इथे माझीच एक फजिती सांगते. पीटीएस (चौकट किंवा आवाज कधी दाखवायचा-ऐकवायचा ती वेळ) मागे गेला तर लाल, असा नियम मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने लिहिला. पहिला अलर्ट रात्री २.१० वाजता आला. आम्ही रात्रीच्या बॅकअपवर संशय घेतला. दुसरा दुसऱ्या दिवशी पहाटे ४.४० ला. तिसरा त्याच्या पुढच्या दिवशी ७.११ ला. चार दिवस आम्ही नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलो होतो, तेव्हा एका नव्या मुलाने वेळा एका खाली एक लिहून वजाबाकी केली: २६ तास ३० मिनिटं आणि काही सेकंद. पीटीएस ३३ बिटांचा असतो, ९० किलोहर्ट्झवर मोजला जातो, आणि ९५,४४३ सेकंदांनी भरून शून्यावर येतो. म्हणजे २६ तास, ३० मिनिटं, ४३ सेकंद. स्ट्रीम ठणठणीत होती. तुमच्या यादीत असा दर दिवशी अडीच तास पुढे सरकणारा अलर्ट असेल तर शोधू नका, नियम दुरुस्त करा.

बिटरेटचा नियम बहुतेक ठिकाणी चुकीच्या गोष्टीवर लावलेला असतो. स्थिर दराच्या स्ट्रीममध्ये एन्कोडर आटला तरी मल्टिप्लेक्सर (सगळ्या धारा एकत्र गुंफणारं यंत्र) रिकामी जागा नल पॅकेटने भरतो, आणि एकूण बिटरेट अगदी सरळ रेषेत राहतो. आत चित्र नाही आणि आलेख सुंदर! म्हणून नल वगळून, प्रत्येक पीआयडीचा बिटरेट बघा. व्हिडिओला वरची मर्यादा लावण्यात अर्थ नाही, दृश्यानुसार तो नाचणारच. खालची लावा: त्या चॅनेलच्या नेहमीच्या मध्यकाच्या ३० टक्क्यांखाली, सलग १० सेकंद. ऑडिओचा बिटरेट सहसा स्थिर असतो, तिथे १० टक्क्यांचा फरकही संशयास्पद.

आता तुमचं खरं दुखणं: मुका चॅनेल. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या चष्म्यातून बघितलं तर तो चॅनेल त्या ३५ मिनिटांत निरोगी होता. ऑडिओची पॅकेट येत होती, काउंटर बरोबर, पीटीएस बरोबर, बिटरेट बरोबर. आत शांतता एन्कोड केलेली होती एवढंच. टीआर १०१ २९० मधला पीआयडीचा नियम पॅकेट यायची थांबली तर ओरडतो, पॅकेटमध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही. त्यासाठी डिकोड करून मोजावं लागतं, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते वेगळ्या परवान्यावर किंवा वेगळ्या खिडकीत असतं. आधी ते चालू आहे का तेच तपासा.

चालू असूनही सुटलं असेल तर मला तीन शक्यता दिसतात. पहिली, नियम फक्त पहिल्या ऑडिओ ट्रॅकवर आहे आणि मुका होता दुसऱ्या भाषेचा ट्रॅक. दुसरी, शांततेची पातळी फार खाली ठेवलेली आहे. एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ साधनातल्या शांतता शोधणाऱ्या फिल्टरचा मूळ आकडा उणे ६० डेसिबल आणि २ सेकंद आहे, आणि अनेक साधनं तोच उचलतात. पण मधे कुठे ॲनालॉग दुवा असेल, तर माइक बंद असतानाही त्यावर उणे ५०-५५ ची घरघर असते. कानाला शांतता, फिल्टरला आवाज. तिसरी, एन्कोडरने इनपुट गेल्यावर स्वतःहून काहीतरी भरलं. तिच्याकडे थोड्या वेळात येते.

शांततेची पातळी अंदाजाने लावू नका. कुठलाही अलर्ट न लावता आठवडाभर प्रत्येक ट्रॅकची पातळी साठवा. वृत्तवाहिनीवर ३ सेकंदांची शांतता क्वचित असते. चित्रपटांच्या चॅनेलवर १५-२० सेकंद सहज जातात. प्रत्येक चॅनेलवर त्या आठवड्यातली सगळ्यात लांब खरी, निर्दोष शांतता किती होती ते काढा, आणि तिच्या दीडपट वेळेवर थ्रेशोल्ड ठेवा. बातम्यांसाठी हे १० सेकंदांच्या आत बसतं, चित्रपटांसाठी अर्ध्या मिनिटावर जातं. एकच आकडा ४० चॅनेलना लावला की एकतर चित्रपटवाला रात्रभर भुंकतो किंवा बातम्यांचा उशिरा कळतो. चॅनेलचे तीन-चार साचे करा आणि प्रत्येक चॅनेल एका साच्यात बसवा. ४० वेगवेगळे नियम सांभाळणं हीही दुसऱ्या टोकाची चूक आहे, सहा महिन्यांत कुठला आकडा का आहे ते कुणाला आठवत नाही.

काळ्या चित्राचंही तसंच. एफएफएमपेगचे मूळ आकडे असे: चौकटीतले ९८ टक्के बिंदू काळे, २ सेकंद. दोन सेकंदांचा काळा पडदा दोन जाहिरातींच्या मधेही येऊ शकतो. शोधण्याचा कालावधी २ राहू दे, ओरडण्याचा १० करा. जाहिरातींच्या जागा एससीटीई-३५ च्या (जाहिरात कुठे सुरू होते, कुठे संपते ते सांगणाऱ्या) खुणांनी कळत असतील तर खुणेच्या आगेमागे थोडी सूट देता येते, पण सूट संपण्याची वेळ नियमातच लिहा. परतीची खूण हरवली तर सूट कायमची राहते. मी असा चॅनेल पाहिलाय जो नियमाच्या नजरेत ११ दिवस जाहिरातीतच होता.

गोठलेलं चित्र पकडणं सगळ्यात अवघड. एफएफएमपेगमध्ये मूळ सहनशीलता उणे ६० डेसिबल आहे. ती एन्कोड न झालेल्या चित्राला ठीक, पण कॉम्प्रेस केलेल्या स्ट्रीममध्ये चित्र गोठलेलं असलं तरी प्रत्येक की-फ्रेमला (अधूनमधून येणारी पूर्ण चौकट) ते किंचित थरथरतं, आणि फिल्टरला वाटतं हालचाल आहे. उणे ५० च्या आसपास आणून पाहा. त्याहून वाईट म्हणजे खालची धावती पट्टी आणि कोपऱ्यातलं घड्याळ. ते पुढच्या टप्प्यावर चिकटवलेले असतील तर मागचं मूळ चित्र तासभर गोठलं तरी पट्टी धावतच राहते. पट्टी आणि घड्याळ वगळून मधला चौकोन तपासायची सोय असेल तर ती नक्की वापरा. नसेल तर पट्टी चिकटवण्याआधीच्या बिंदूवर प्रोब (तपासून आकडे देणारं साधन) लावा.

एकेकटी लक्षणं दुबळी असतात, जोडीने ती बोलतात. काळं चित्र आणि शांतता एकत्र, १० सेकंद: फोन. गोठलेलं चित्र आणि शांतता, १५ सेकंद: फोन. गोठलेलं चित्र पण आवाज चालू, ६० सेकंद: तिकीट, कारण स्थिर पाटी आणि संगीत हा कायदेशीर कार्यक्रम असू शकतो. हलतं चित्र आणि शांतता मात्र साच्यातल्या वेळेप्रमाणे फोनच. तुमचा चॅनेल याच खणात बसला असता.

आणि ती तिसरी शक्यता. इनपुट गेलं की काही एन्कोडर आपली पाटी दाखवतात: रंगीत पार्श्वभूमी, लोगो, कधी फिरणारं चक्र, कधी खाली मंद सूर. ती काळी नाही, गोठलेली नाही, मुकीही नाही. पुढचा प्रत्येक प्रोब हिरवा. ही गोष्ट बाहेरून पकडण्याच्या फंदात पडू नका, एन्कोडरलाच विचारा. इनपुट आहे की नाही हे तो एसएनएमपीवर किंवा आपल्या एपीआयमधून (सॉफ्टवेअरने यंत्राची स्थिती विचारायच्या दोन वाटा) सांगतो. हा एक नियम चित्रावर लावलेल्या पाच नियमांपेक्षा जास्त कामाचा आहे, आणि मी पाहिलेल्या निम्म्या ठिकाणी तो नव्हता.

लाउडनेसबद्दल दोनच वाक्यं. ईबीयू या युरोपीय प्रसारक-संघटनेच्या आर १२८ शिफारशीतलं उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) हे पूर्ण कार्यक्रमाचं मोजमाप आहे, त्यामुळे ४०० मिलिसेकंदांच्या क्षणिक आकड्यावर अलर्ट लावाल तर प्रत्येक टाळीला मेल येईल. एक मिनिटाची सरासरी घ्या आणि ठरलेल्या पातळीपासून ६-७ एककं सरकली तर तिकीट.

एचएलएसकडे वळू. इथली पहिली चूक म्हणजे प्लेलिस्टला (तुकड्यांची यादी) सर्व्हरकडून २०० (म्हणजे 'मिळालं') हे उत्तर आलं की सगळं ठीक समजणं. पॅकेजर मेला तरी शेवटची प्लेलिस्ट डिस्कवर असतेच, आणि सीडीएन ती आनंदाने २०० म्हणत देत राहतो. मीडिया सिक्वेन्सचा (यादीतल्या पहिल्या तुकड्याचा क्रमांक) आकडा पुढे सरकतोय का ते बघा. किती वेळात सरकायला हवा हे मानकातच आहे. २०१७ च्या आरएफसी ८२१६ नुसार थेट प्रक्षेपणात नवी प्लेलिस्ट लक्ष्य कालावधीच्या (एका तुकड्याची, म्हणजे सेगमेंटची, ठरलेली कमाल लांबी) दीडपटीच्या आत यायला हवी. तुमचे सेगमेंट ६ सेकंदांचे असतील तर ९ सेकंद. आणि प्लेअरने शेवटापासून निदान तीन लक्ष्य कालावधी मागून सुरुवात करावी असं तिथे सांगितलंय, म्हणजे प्रेक्षकाच्या हातात साधारण १८ सेकंदांची शिदोरी असते. ९ पासून १८ पर्यंतचा काळ तुमचा. त्यानंतर चक्र फिरायला लागतं. म्हणून १२ सेकंद सरकली नाही तर अलर्ट, हा आकडा मला बरोबर वाटतो.

पण तुमचा प्रोब दर ३० सेकंदांनी बघत असेल तर १२ चा काही उपयोग नाही. तपासण्याचं अंतर सेगमेंटच्या निम्मं, इथे ३ सेकंद. सगळ्या चॅनेलवर परवडत नसेल तर महत्त्वाच्यांवर तरी. आणि प्रत्येक दर्जाची प्लेलिस्ट वेगळी तपासा. फक्त मुख्य प्लेलिस्ट आणि सगळ्यात वरचा दर्जा तपासला, आणि मोबाइलवाल्यांचा ४८०पी दर्जा मेला, असं होतं. सेगमेंट उतरवायला लागलेला वेळ भागिले सेगमेंटची लांबी, हे गुणोत्तरही ठेवा. ०.५ च्या वर पाच मिनिटं राहिलं तर तिकीट, ०.९ च्या वर एक मिनिट राहिलं तर फोन, कारण १ झालं की शिदोरी भरण्यापेक्षा संपतेच जास्त.

त्रुटींच्या टक्केवारीत मात्र छेद बघा. पहाटे ४ वाजता एका चॅनेलवर १० विनंत्या आल्या आणि एक फसली, झाले १० टक्के, वाजला फोन. खिडकीत निदान २०० विनंत्या असतील तरच टक्केवारी लागू, असं वाक्य नियमात हवंच. आणि प्रेक्षकच कमी असताना चॅनेल मेला तर? त्यासाठी वरचा प्रोब आहे, टक्केवारीवर ते ओझं टाकू नका.

लांबच्या दुव्यांवर एसआरटी (हरवलेली पॅकेट पुन्हा मागवत व्हिडिओ नेणारी पद्धत) असेल तर पुन्हा मागवलेल्या पॅकेटवर अलर्ट नको. पुन्हा मागवणं हेच त्याचं काम आहे. जी वेळेत आलीच नाहीत आणि टाकून दिली, ती मोजा. एसआरटीची मूळ लेटन्सी (पुन्हा मागवण्यासाठी राखलेला उशीर) १२० मिलिसेकंद असते, आणि ती जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या चौपट तरी असावी असा संकेत आहे. जाण्या-येण्याचा वेळ ३० च्या वर गेला की १२० पुरणार नाही हे तुम्हाला पॅकेट हरवण्याआधीच कळू शकतं. ते तिकीट करा. एसएमपीटीई २०२२-७ या मानकाने दोन वाटांनी स्ट्रीम येत असेल तर एक वाट तुटल्याचं प्रेक्षकाला कळत नाही, पण तुम्हाला कळलंच पाहिजे. हा फोनचा विषय नाही. मात्र त्याच दिवशी बघायचा तिकिटाचा आहे, कारण दुसरी वाट तुटेल तेव्हा विचारायला वेळ नसेल.

आता वेळेचा हिशेब. तुम्ही प्रोमिथिअस (आकडे गोळा करून नियम तपासणारं सॉफ्टवेअर) आणि अलर्टमॅनेजर (त्याचे निरोप पाठवणारं) वापरता असं धरते, दुसरं काही असलं तरी गणित हेच. कुणीतरी नियमात 'फॉर' (किती वेळ टिकलं तर ओरडायचं) १० सेकंद लिहितो आणि समजतो की १० सेकंदांत फोन वाजेल. मूळ सेटिंगमध्ये आकडे दर १ मिनिटाला गोळा होतात, नियम दर १ मिनिटाला तपासले जातात, आणि अलर्टमॅनेजर पहिल्या निरोपाआधी गट जमवायला ३० सेकंद थांबतो. बिघाड आकड्यात दिसायला ६० पर्यंत, नियमाला दिसायला आणखी ६०, १० सेकंद उलटलेत का हे पुढच्या तपासणीलाच कळणार म्हणून आणखी ६०, मग ३०. साडेतीन मिनिटं झाली! १२ सेकंदांचा प्लेलिस्ट नियम या साखळीत घालून काय उपयोग? जलद नियमांसाठी गोळा करणं आणि तपासणं ५ सेकंदांवर आणा, गट जमवण्याची वाट ५ सेकंदांवर, आणि बाकीचं सगळं निवांत मिनिटावर राहू द्या.

'फॉर'चा दुसरा सापळा अधिक वाईट आहे. मधे एक जरी चांगला नमुना आला तरी घड्याळ शून्यावर जातं. दर ४० सेकंदांनी बिघडून सुधारणारा दुवा '१ मिनिट सलग' या नियमाला आयुष्यभर सापडत नाही, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने तो सर्वांत त्रासदायक. अशा बिघाडांना 'सलग' नको, 'गेल्या ५ मिनिटांत एकूण किती' हवं. त्रुटीयुक्त सेकंदांचा नियम मी तसा लिहिला तो यासाठीच. अलर्ट उठवायचा आणि मागे घ्यायचा आकडा वेगळा ठेवा: २ टक्क्यांवर उठला तर १ टक्क्याखाली २ मिनिटं राहिल्यावरच मिटू दे. प्रोमिथिअसमध्ये २.४२ या आवृत्तीपासून अलर्ट काही काळ पेटता ठेवायची सोय आहे, ती वापरली की उघडझाप करणारे मेल कमी होतात.

आणि आकडाच आला नाही तर? 'बिटरेट ३० टक्क्यांखाली' हा नियम बिटरेट नावाची गोष्टच नसेल तर काहीच म्हणत नाही. प्रोब मेला की ते चॅनेल हिरवेगार. प्रत्येक महत्त्वाच्या मापाला 'दिसत नाहीये' असा जोडीदार नियम हवा. शिवाय एक कायम पेटता अलर्ट ठेवा, जो दर मिनिटाला बाहेरच्या एखाद्या वेगळ्या सेवेला निरोप देतो, आणि निरोप थांबला की ती सेवा फोन करते. पहारेकरी झोपला हे पहारेकरी सांगू शकत नाही.

उरला मोठ्या पडझडीचा प्रश्न. एक स्विच गेला की ४० चॅनेल, प्रत्येकी पाच नियम, चार मोजण्याच्या जागा: ८०० अलर्ट दोन मिनिटांत. आणि ढिगात सगळ्यात वर सीडीएनचे असतात, त्यामुळे पहिला फोन सीडीएनवाल्यांना जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी मोजण्याच्या जागांना क्रम देते: एन्कोडरचं इनपुट, एन्कोडरचं आउटपुट, ओरिजिन (सीडीएन जिथून तुकडे उचलतो तो सर्व्हर), सीडीएनची कड. एकाच चॅनेलवर वरच्या जागेचा अलर्ट पेटलेला असेल तर खालच्या जागांचे दाबले जातात. अलर्टमॅनेजरमध्ये दाबण्याचा नियम लिहिताना चॅनेलचं लेबल दोन्हीकडे समान असायला हवं, ही अट विसरू नका. ती विसरली की एका चॅनेलचा बिघाड बाकीच्या ३९ चॅनेलची तोंडं बंद करतो, आणि हे कुठेही लाल दिसत नाही. गट करताना जागेनुसार करा, चॅनेलनुसार नको. 'ओरिजिन २ वर ४० चॅनेल' असा एक निरोप ४० निरोपांपेक्षा लवकर वाचला जातो.

निरोपात काय असावं यावर फार लिहीत नाही. कुठला चॅनेल, कुठे मोजलं, कधीपासून, आताचं एक छोटं चित्र, आणि पहिली कृती काय ती एका ओळीत. 'थ्रेशोल्ड ओलांडला' हे शब्द काढून टाका, त्यातून काही कळत नाही. देखभालीसाठी अलर्ट गप्प करता तेव्हा संपण्याची वेळ घालणं सक्तीचं ठेवा, कमाल ४ तास.

क्रम विचाराल तर: पहिल्या आठवड्यात फक्त मोजणी आणि तीन पातळ्यांत वाटणी. दुसऱ्या आठवड्यात शांतता, काळं, गोठलेलं आणि एन्कोडरचं इनपुट. बाकी हळूहळू. प्रत्येक बदललेला आकडा, तारीख आणि कारण एका फाइलमध्ये लिहीत जा. मी तरी आकडे हाताने बदलायची सवय सोडून नियम फायलींत आणि गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणारं साधन) ठेवते.

पण या सगळ्याआधी, आज शिफ्ट बदलायच्या आत एक गोष्ट करा. एक चाचणी चॅनेल घ्या, त्याच्या दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकचा आवाज एन्कोडरच्या इनपुटला बंद करा, कुणाला सांगू नका, आणि घड्याळ लावून बसा. मग काळी फाइल वाजवा. मग लिनक्सच्या नेटेमने (नेटवर्कवर मुद्दाम बिघाड आणणारं साधन) १ टक्का पॅकेट पाडा. प्रत्येक वेळी फोन वाजेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहा, आणि जिथे १० मिनिटं वाट बघूनही वाजला नाही तिथे तसं लिहा. ती तीन ओळींची नोंद घेऊन आलात तर पुढचे आकडे तुमच्या चॅनेलचेच धरून बोलता येईल.